खंडेनवमीला पुजलेला तक्ता

सोपान मास्तरांना काळजी करायला कारण लागत नसे. यष्टी चुकली म्हणजे बाकीची माणसं काळजी करतात. मास्तर यष्टीत बसायला जागा मिळाली की आता ही वाटेत बंद पडणार म्हणून करत. पण छप्पन सालच्या त्या दसऱ्याला त्यांच्याकडं काळजीचं खरोखरीचं कारण होतं, आणि ते चांगलं चार फूट लांब होतं.

बारामतीच्या एका जुन्या शाळेतून त्यांनी मूलद्रव्यांचा तक्ता मागून आणला होता. मागं कापड चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या, आणि जगात जेवढी म्हणून मूळ द्रव्यं आहेत ती सगळी त्यावर चौकटीचौकटींत मांडलेली. आडव्या ओळीत वजन वाढत जायचं. आणि गंमत अशी की ठरावीक घरं ओलांडली की पुन्हा पहिल्याच स्वभावाचं द्रव्य भेटायचं, म्हणून ते खालच्या ओळीत त्याच्याच पायाशी बसवलेलं. उभ्या रांगेतले सगळे असे एका कुळातले, थोरला वर आणि धाकटे खाली. तिथले सायन्सचे मास्तर आबासाहेब यांनी तो देताना सोपान मास्तरांकडं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "चार दिवसांसाठी देतोय. सुरकुती पडली तरी मला कळेल." इंदापूर येईपर्यंत मास्तरांनी ती गुंडाळी तान्ह्या पोरासारखी मांडीवर धरली होती.

तक्ता हवा होता तो इन्स्पेक्शनला. इंदापूरच्या नव्या हायस्कूलनं जूनमध्ये सायन्सचा वर्ग काढला होता, पण परवानगी कच्ची होती. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेब येऊन वर्ग बघणार आणि शेरा मारणार. शेरा वाईट पडला तर वर्ग बंद. एकोणीस पोरं सायन्स सोडून मिळेल ते घेणार, आणि सोपान मास्तर, ज्यांना फक्त सायन्ससाठीच घेतलं होतं, ते काटेवाडीला चुलत्याच्या वांग्यांना पाणी द्यायला परत जाणार. पंचक्रोशीतला पहिला बी.एस्सी. वांग्यांत उभा, हे चित्र मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शाळेच्या प्रयोगशाळेत एक तराजू, दोन चंबू, एक स्टोव्ह आणि गंधकाची पुडी एवढाच संसार होता. हेडमास्तर मोहनराव म्हणाले होते, "सोपानराव, साहेब आत आले की आधी भिंतीकडं बघतात. भिंत भरलेली पाहिजे. तक्ता लावा, बाकी मी चहात सांभाळतो."

खंडेनवमीच्या दिवशी मास्तर तक्ता घरीच घेऊन आले. शाळेचं छप्पर गळतं, आणि ऑक्टोबरात पाऊस येत नसला तरी यायला कुणाची बंदी आहे, असा त्यांचा हिशेब. घर म्हणजे दोन खोल्या, मास्तर आणि त्यांची आई प्रयागबाई. प्रयागबाईंनी गावाकडच्या रीतीनं पाट मांडला होता. पाटावर विळा, खुरपं, मास्तरांचं फाउंटन पेन आणि दोन पुस्तकं. गुंडाळी बघितल्याबरोबर त्यांनी हात पुढं केला.

"दे हिकडं. पाटावर ठिवते."

"आई, ती दुसऱ्याची हाय. तिला हळदकुंकू लावायचं न्हाय."

"दुसऱ्याची म्हंजी काय? कुनबी आऊत पुजतो, सुतार रंधा पुजतो. तुझं हत्यार हेच न्हवं? परवाच्याला साहेब येनार म्हंतोस, आन हत्यार बिनपुजेचं घिऊन जातोस व्हय?"

बी.एस्सी. झालेल्या मास्तरांनी गुंडाळी पाटावर ठेवली. प्रयागबाईंनी मागच्या कापडावर हळदकुंकवाची दोन बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं, आणि गुंडाळीच्या बरोबर मधोमध गूळखोबऱ्याचा नैवेद्य. मास्तर घुटमळले. पूजा झाल्यावर तक्ता उचलून फळीवर ठेवतो म्हणाले, तर आईनं डोळे वटारले. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत जागचं हलवायचं नसतं. हलवलं तर वर्षभर हाताला यश नाही. मास्तरांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण यशाचा प्रश्न होता आणि वर्षही नेमकं हेच होतं. त्यांनी तक्ता तिथंच राहू दिला.

दसऱ्याच्या सकाळी पाटावर झेंडूचं फूल होतं. नैवेद्य नव्हता. नैवेद्याच्या खाली गुंडाळीला रुपयाएवढं भोक होतं.

उंदराला गुळाची गोडी लागली, आणि गुळाखाली कापडाला लावलेली पिठाची खळ लागली, मग तो थांबतोय कशाला. मास्तरांनी तक्ता उलगडला. उंदीर एकाच जागी दांडीपर्यंत कुरतडत गेला होता, त्यामुळं तक्ता उघडत जाईल तसं ठरावीक अंतरावर एकेक भोक उघडत गेलं. पहिलं वरच्या कोऱ्या जागेत. ते चाललं असतं. दुसऱ्यानं अॅल्युमिनियम गेलेलं. मग एक ओळ सोडून गॅलियम. मग एक ओळ सोडून आणखी एक, आणि आणखी एक. तिसऱ्या रांगेत एकाआड एक बसवलेल्या दोन घराण्यांतलं अख्खं एक उंदरानं ओळीनं संपवलं होतं. शेजारच्या चौकटींना दातही लागला नव्हता.

प्रयागबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "अगं बया!" एवढंच म्हणाल्या.

मास्तर मागं वळले. आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नव्हतं असा हा माणूस. भीतीनं माणसाचं काय होतं बघा. "उंदरानं न्हाय खाल्लं," ते ओरडले, "तू खाल्लीस माझी नोकरी! किती शिकलो तरी घरात अडाणी ती अडाणीच!"

 प्रयागबाईंनी पाट उचलून भिंतीशी उभा केला आणि चुलीपुढं जाऊन बसल्या. मास्तरांना त्याच क्षणी आपण काय बोललो ते कळलं होतं, पण हातात फाटका तक्ता होता आणि उद्या साहेब येणार होते. माफीला नंतर वेळ मिळेल असं त्यांना वाटलं. ते तक्ता काखेत मारून शाळेकडं पळाले.

मोहनरावांनी भोकं बघितली आणि डोक्यावरची टोपी काढून ठेवली. सणाच्या दिवशी हेडमास्तरांनी टोपी काढणं म्हणजे प्रकरण गंभीर. मग म्हणाले, "कागद चिकटवा. वर नावं लिहा. साहेब काय एकेक चौकट वाचत बसणार आहेत?"

"नावं पाठ नाहीत सगळी."

"मग जी आठवतील ती लिहा! सोपानराव, भोक दिसलं तर वर्ग गेला. नाव चुकलं तर कुणाला कळतंय?"

मास्तर वर्गात जमिनीवर तक्ता पसरून बसले. कॉलेजातलं पुस्तक त्यांनी मागच्या वर्षी गावातल्या एका मुलाला देऊन टाकलं होतं, आणि दसऱ्याला इंदापुरात मूलद्रव्यांची नावं कुणाला विचारायची? अॅल्युमिनियम पक्कं होतं. गॅलियम पक्कं. पुढचे दोघं इंडियम आणि थॅलियम. नावं आठवत होती, पण वर कोण आणि खाली कोण, ते काही केल्या आठवेना. डोळे मिटले की दोन्ही नावं जागा बदलून उभी राहत.

तेवढ्यात रतन सोनं द्यायला आली. वर्गातल्या दोन मुलींपैकी ही एक, गणितात तल्लख. तिनं आपट्याची पानं मास्तरांच्या पायाशी ठेवली आणि तक्त्याकडं बघून तिचा चेहरा उतरला.

"सर, ही कुणाची घरं गेली?"

मास्तरांना बोलायला कुणीतरी हवंच होतं. त्यांनी तिला सांगितलं की ज्या माणसानं हा तक्ता पहिल्यांदा मांडला, त्या रशियातल्या मेंडेलीफलाही अशीच रिकामी घरं ठेवावी लागली होती. त्याच्या वेळी साठ-पासष्टच मूलद्रव्यं माहीत होती. वजनाच्या क्रमानं लावत गेलं की मध्येच एखादं भलत्याच कुळात जाऊन पडायचं. दुसरा असता तर ओळ ओढूनताणून भरून मोकळा झाला असता. यानं जागा रिकामी सोडली आणि म्हणाला, इथला गडी अजून सापडायचा आहे. अॅल्युमिनियमखालचं घरही तेव्हा रिकामंच होतं. शेजाऱ्यांवरून त्यानं त्या न पाहिलेल्या गड्याचं वजन सांगितलं, स्वभाव सांगितला. चार वर्षांनी फ्रान्समध्ये एकाला तो धातू मिळाला. त्यानं मोजमाप छापलं, तर याचं पत्र गेलं की तुमची घनता चुकली आहे, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, तर खरंच चुकलेली.

"बगितल्याबिगर कसं सांगितलं वो?"

"शेजारी बघून. डावीकडं जस्त, पासष्ट पॉइंट चार. उजवीकडं जर्मेनियम, बहात्तर पॉइंट सहा. मधला किती असेल?"

रतननं ओठ हलवले. "एकोनसत्तर."

"जवळपास तेवढाच आहे." मास्तरांचा आवाज क्षणभर हलका झाला. मग त्यांनी पुन्हा कागदाचे तुकडे कातरायला घेतले आणि भोकांवर खळीनं चिकटवले. शाई घेऊन अॅल्युमिनियम लिहिलं, गॅलियम लिहिलं. तिसऱ्या तुकड्यावर टाक टेकवला आणि थांबले.

"सर, ह्ये तुमाला नक्की ठावं हाय?" रतननं विचारलं.

मास्तर म्हणाले, "जा तू घरी. सणाचा दिवस आहे." ती गेल्यावर त्यांनी वर थॅलियम आणि खाली इंडियम लिहून टाकलं. अक्षर छापल्यासारखं आलं. मोहनराव खूष झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शाळेला निघाले तेव्हा प्रयागबाईंनी दह्याची वाटी पुढं केली, पण त्यांच्याकडं बघितलं नाही. कालपासून त्या तशाच होत्या. मास्तरांनी दही चाखलं.  आल्यावर बोलू, असं मनाशी म्हणून ते बाहेर पडले.

दहा वाजता तक्ता भिंतीवर चढला. लांबून बघितलं तर भरगच्च, देखणा. मुलं बाकांवर बसली होती, आणि मास्तरांचे डोळे त्या दोन चौकटींवरून हटत नव्हते. वर थॅलियम, खाली इंडियम. बरोबर असेल. नसेल. बरोबर असलं तरी ते आपल्याला ठाऊक नाही, हे तर नक्की. रतन पहिल्या बाकावर बसून त्याच दोन चौकटींकडं बघत होती. या पोरांनी आज वहीत हे उतरवून घेतलं तर जन्मभर तसंच खरं मानतील. ज्या माणसानं खोटं भरण्यापेक्षा घर रिकामं ठेवलं त्याची गोष्ट काल सांगितली, आणि त्याच्याच तक्त्यात आपण अंदाजानं नावं कोंबून बसलो. मास्तरांनी खिशात हात घातला. खिशात पेन्सिल तासायचं पातं होतं. ते बाकावर चढले आणि चारही ठिगळं टराटरा काढून टाकली.

"अहो, काय करताय!" मोहनराव दारातून किंचाळले. त्याच वेळी बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

जीपमधून इन्स्पेक्टरसाहेब उतरले. गोरे, स्थूल, घाम पुसत. त्यांच्या मागून छत्री टेकत एक म्हातारे गृहस्थ उतरले, आणि त्यांना बघून सोपान मास्तरांनी दाराची चौकट धरली. सायन्सचं तपासायला साहेबांनी तज्ज्ञ म्हणून बारामतीहून आबासाहेबांना बरोबर घेतलं होतं.

वर्गात सगळे आत आले. साहेबांनी आधी भिंतीकडंच बघितलं. आबासाहेबांनीही बघितलं. तीस वर्षं सांभाळलेल्या आपल्या तक्त्याला पडलेली भोकं त्यांनी वरून खाली एकेक करून बघितली. 

"हे काय?" साहेब म्हणाले आणि त्यांनी शेऱ्याच्या वहीसाठी हात पुढं केला.

 मोहनराव चहाचं काहीतरी बोलू लागले, ते कुणी ऐकलं नाही. आबासाहेब तक्त्याजवळ गेले, छत्रीचं टोक अॅल्युमिनियमच्या भोकाखालच्या भोकावर ठेवलं आणि मुलांकडं वळले. "इथं काय होतं? कुणी सांगेल?"

 मग रतन उभी राहिली. 

"नाव सांगू का वजन, सर?"

"वजन ठाऊक आहे तुला?"

"ठावं न्हाय. काढते." ती फळ्यापाशी गेली, जस्ताचा आणि जर्मेनियमचा आकडा तक्त्यावरून बघून लिहिला, बेरीज केली, निम्मं केलं. एकोणसत्तर. मग न विचारताच खालच्या भोकाकडं गेली. कॅडमियम एकशे बारा पॉइंट चार, कथील एकशे अठरा पॉइंट सात; मधला एकशे साडेपंधराच्या आसपास. त्याच्या खाली पारा आणि शिसं. मधला दोनशे तीन पॉइंट नऊ. खडू दोनदा मोडला.

"आणि नावं?"

"वरच्याचं गॅलियम, सरांनी काल सांगितलं. खालच्या दोघांची न्हाईत ठावं. पर घर अॅल्युमिनियमचं हाय, म्हंजी वागनूक त्याच्याच वळनाची आसनार. भावकीत जेवडा फरक आसतो तेवडा."

साहेबांनी लिहिणं थांबवून आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेबांनी खडू घेतला आणि तिच्या आकड्यांशेजारी खरे आकडे लिहिले: एकोणसत्तर पॉइंट सात, एकशे चौदा पॉइंट आठ, दोनशे चार पॉइंट चार. मग नावं लिहिली. वर इंडियम, खाली थॅलियम.  मास्तरांनी काल उलटंच लिहिलं होतं. ती ठिगळं आत्ता भिंतीवर असती तर!

"साहेब," आबासाहेब म्हणाले, "माझ्या वर्गातली मुलं हा तक्ता पाठ म्हणतात. हे असं काढून कुणी दाखवलेलं नाही."

साहेबांनी बराच वेळ शेरा लिहिला. इंग्रजीतून, घाम पुसत. त्या वेळात सोपान मास्तरांनी मनातल्या मनात वांग्यांच्या तीन वाफ्यांना पाणी दिलं. शेवटी मोहनरावांनी वही घेऊन वाचली आणि टोपी सरळ केली. वर्ग चालू ठेवावा. पुढच्या जूनपर्यंत शाळेनं स्वतःचा तक्ता घ्यावा. शिक्षक कायम करण्यास हरकत नाही.

आबासाहेबांनी आपला तक्ता स्वतःच्या हातानं भिंतीवरून उतरवला. गुंडाळताना मागच्या कापडावरची हळदकुंकवाची बोटं त्यांना दिसली. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "कुणी पुजला हा?"

"आईनं," मास्तर म्हणाले. "चूक माझी आहे. मी उघड्यावर राहू दिला."

"तीस वर्षं झाली. कुणी पुजला नव्हता," म्हातारा म्हणाला, आणि जीपमध्ये बसता बसता वळून, "पुन्हा मात्र मागायला येऊ नका."

जीप गेली तेव्हा तीन वाजून गेले होते. मोहनराव पेढ्यांचं बोलत होते, मुलं ओरडत होती, आणि सोपान मास्तर तसेच घराकडं निघाले. कायम झालो, हे आईला सांगायचं होतं. त्याच्याआधी दुसरं सांगायचं होतं. ते पळायलाच लागले.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या सारजानं किल्ली आणून दिली. "म्हातारी गेली की भावाकडं, नरशिंगपूरला. सकाळीच गाठुडं घिऊन निगाली. भाकरी शिंक्यात हाय म्हनून सांगितलंया."

मास्तरांनी कुलूप उघडलं नाही. स्टँडपर्यंतचा रस्ता त्यांनी कसा काटला ते त्यांना पुढं कधी आठवलं नाही. नरसिंहपूरची सकाळची गाडी गेलेली, दुपारची गेलेली. आता चारची लागायची होती. स्टँडच्या लिंबाखाली, मांडीवर गाठोडं घेऊन, प्रयागबाई बसल्या होत्या.

मास्तर त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. धाप लागली होती.

"वर्ग ऱ्हायला का रं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"ऱ्हायला."

"आन तू?"

"मी बी. कायम झालो."

प्रयागबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. "बरं झालं. दोन गाड्या सोडल्या बग. म्हनलं, काय झालं ते कळल्याबिगर पाय कसा उचलायचा."

"आई, मी लई वाईट बोललो तुला. मला तसं बोलायचं न्हवतं. भ्यालो होतो मी. ती चूक तुझी न्हाय, माझी हाय." मास्तर भर स्टँडवर रडत होते, आणि यष्टीची वाट बघणारी माणसं आपल्या मास्तरांकडं बघत होती. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही.

 गाडी आली. कंडक्टर पायरीवर उभा राहून नरसिंहपूर, नरसिंहपूर म्हणून ओरडला. माणसं चढली, बोचकी चढली, एक शेळी चढवायची का नाही यावर थोडी वादावादी झाली. मास्तर आईच्या तोंडाकडं बघत होते आणि तिला थांब म्हणायचा आपल्याला हक्क आहे का, हे त्यांना कळत नव्हतं. घंटी वाजली. गाडी धूळ उडवत वळणापलीकडं गेली.

"ही तिसरी गेली," प्रयागबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "धर. गाठुडं धर."